जुन्या पत्त्यावर जाणाऱ्या रिक्वेस्ट

दुपारी सपोर्टचा फोन आला. काही ग्राहकांना ऑर्डरच दिसत नव्हत्या, स्क्रीनवर ५०४ (सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, असा एरर) येत होता. ग्राहकांच्या रिक्वेस्ट आधी एन्जिन-एक्स या वेब सर्व्हरकडे येतात आणि तो त्या मागच्या ॲप सर्व्हरकडे, म्हणजे बॅकएंडकडे, पाठवतो; त्याच्या भाषेत हाच 'अपस्ट्रीम'. त्याचा एरर लॉग उघडला तर 'अपस्ट्रीम टाइम्ड आउट'च्या ओळींवर ओळी. त्याच मशीनवरून कर्ल कमांडनं थेट रिक्वेस्ट पाठवली की मात्र बॅकएंड लगेच उत्तर देई. बॅकएंडची टीम सांगत होती, "आमच्याकडे या रिक्वेस्ट पोचतच नाहीयेत." ते खरंच होतं.

लॉगच्या त्याच ओळीत अपस्ट्रीमचा आयपीही छापलेला असतो. बॅकएंडच्या नावावर डिग (नावाचा आयपी डीएनएसला विचारणारी कमांड) चालवलं आणि आलेले पत्ते त्याच्याशी ताडून पाहिले. एकही जुळेना.

प्रॉक्सी-पासमध्ये (रिक्वेस्ट पुढे कुठे पाठवायची ते सांगणारी सेटिंग) नाव थेट लिहिलं असेल, तर एन्जिन-एक्स सुरू होताना किंवा रीलोडच्या, म्हणजे सेटिंग पुन्हा वाचण्याच्या, वेळी एकदाच त्याचा आयपी शोधतो आणि पुढच्या रीलोडपर्यंत तोच धरून बसतो. बॅकएंड होता क्लाउडच्या लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारी यंत्रणा). त्याचे पत्ते बदलत राहतात, म्हणूनच त्या डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ धरून चालायचं ती मुदत, ६० सेकंदांचा होता. इथे तो कुणी विचारातच घेत नव्हतं.

रीलोड केला, साइट सावरली. पण ॲक्सेस लॉग चाळताना मला घाम फुटला. काही रिक्वेस्टना टाइमआउटऐवजी ४०४ ('पान सापडलं नाही') मिळाला होता. एका ग्राहकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधलं ते ४०४चं पान आमच्या कुठल्याच ॲपचं नव्हतं. आम्ही सोडलेला आयपी दुसऱ्याच कुणाला मिळाला होता आणि आमच्या ग्राहकांचे लॉगिन टोकन (पासवर्डशिवाय ग्राहकाची ओळख पटवणारी खूण) त्याच्या सर्व्हरवर जात होते. मधे एचटीटीपीएस होतं, तरी उपयोग शून्य, कारण अपस्ट्रीमचं सर्टिफिकेट, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे याचा दाखला, तपासणं एन्जिन-एक्समध्ये मुळात बंद असतं.

"क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी रीलोड टाकू का?" टीममधल्या मुलानं विचारलं. क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय. मी नको म्हटलं. ती पाच मिनिटंही परक्या सर्व्हरला का द्यायची? शिवाय वेबसॉकेटसारखी लांबलचक कनेक्शन असली की प्रत्येक रीलोडनंतर एन्जिन-एक्सचे जुने वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) ती संपेपर्यंत साचत जातात.

आम्ही सेटिंगमध्ये रिझॉल्व्हर (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते) लिहिला आणि बॅकएंडचं नाव व्हेरिएबलमधून दिलं. आता चालू असतानाच नाव विचारलं जातं आणि टीटीएल पाळला जातो. यात दोन ठिकाणी अडायला होतं. हा रिझॉल्व्हर मशीनची होस्ट्स फाइल (नावं आणि आयपींची स्थानिक यादी) वाचत नाही. आणि व्हेरिएबल आलं की लोकेशनचा पाथ आपोआप बदलून मिळत नाही, रीराइट आपणच लिहावा लागतो. एन्जिन-एक्स १.२७.३ पासून अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये सर्व्हरपुढे 'रिझॉल्व्ह' लिहिण्याची सोय मोफत आवृत्तीतही आली आहे. नवीन सर्व्हरवर मी तीच वापरतो, जास्त सुटसुटीत आहे. सर्टिफिकेटची तपासणीही त्याच दिवशी सुरू केली.

राहिले टोकन. ते रद्द करायला मॅनेजर तयार नव्हते. सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, ग्राहक चिडतील, ही त्यांची काळजी. मी त्यांना तो स्क्रीनशॉट दाखवला. "सर, आपल्या लोकांचे टोकन या सर्व्हरवर गेलेत. तो कुणाचा आहे, आपल्याला माहीत नाही." रात्री आम्ही सगळे टोकन रद्द केले आणि ग्राहकांना कारण लिहून मेल पाठवला.