नोव्हेंबर २०२६ कादंबरी-महिना: तयारीची नोंदवही

महिनाभरात कादंबरीचा कच्चा खर्डा पूर्ण करण्याची ही प्रथा १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांनी सुरू केली. पहिला महिना जुलै होता. २००० पासून नोव्हेंबर ठरला. लक्ष्य ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा आता मोजणीचा तक्ता आपला आपणच ठेवायचा आहे.

सप्टेंबरअखेर: आकडा

५०,००० हा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. ‘घरासमोरच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी’ हे वर्डच्या मोजणीत तीन शब्द. हाच मजकूर इंग्रजीत दहा-बारा शब्द घेतो. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच गोष्टीला शब्द कमी पडतात. म्हणून या आराखड्यात ४०,००० धरले आहेत. ही सवलत नाही, हे मराठीचे माप आहे. एकदा धरलेला आकडा मात्र महिन्याच्या मध्यावर हलवायचा नाही.

यंदाची खरी अडचण दिवाळी. धनत्रयोदशी ६ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ तारखेला, पाडवा १०, भाऊबीज ११. सरासरी काढून रोजचे १,३३४ लिहायचे ठरवले तर हे सहा दिवस कोरे जातात आणि १२ तारखेला आठ हजारांची उधारी समोर असते. बरेच जण तिथेच सोडतात. त्याऐवजी अशी विभागणी:

१ ते ५: रोज १,८०० (९,०००)
६ ते ११: रोज ४०० (२,४००)
१२ ते ३०: रोज १,५०६ (उरलेले २८,६००)

४०० शब्द म्हणजे अभ्यंगस्नानानंतर, फराळाला पाहुणे यायच्या आत होणारे काम. शून्य मात्र नको. दोन दिवस पात्रांचा आवाज कानावर पडला नाही की तिसऱ्या दिवशी मागची वीस पाने वाचण्यातच बैठक संपते.

मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने १,५०० शब्दांची नुसती नक्कल ५० मिनिटे घेते. रचताना त्याच्या दुप्पट वेळ धरावा.

११ ते २० ऑक्टोबर: कार्डे

घटस्थापना ते दसरा हा काळ प्रसंगकार्डांना. ४० कार्डे, प्रत्येकी साधारण १,००० शब्द. कार्डावर चारच ओळी: ठिकाण आणि वेळ, कोणाला काय हवे, आड काय येते, शेवटी काय बदलले. नमुना म्हणून कोकणातल्या बागेच्या वाटणीवरच्या कथानकातले कार्ड १४:

*माडीवर, आंब्याची आढी लावलेली खोली, मे. / मंदाला हिशेबाची वही हवी. / वही थोरल्या काकांच्या उशाशी. / वही मिळते, पण त्यातली दोन पाने फाडलेली.*

चौथी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग नव्हे, वर्णन आहे. ते शेजारच्या कार्डात मिसळावे. कादंबरी साधारण १५,००० ते २५,००० शब्दांच्या पट्ट्यात बसकण मारते, आणि तिथली कार्डे काढून पाहिली की चौथी ओळ हटकून कोरी असते. सुरुवात आणि शेवट सगळ्यांनाच सुचलेला असतो. दहा दिवसांतले सहा मधल्या पंधरा कार्डांना द्यावेत.

२१ ते २८ ऑक्टोबर: भाषेचे निर्णय

या भागाबद्दल इंग्रजी मार्गदर्शनात काही मिळत नाही, आणि मराठीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

निवेदन ‘ते गेले, तिने पाहिले’ की ‘ते गेलं, तिनं पाहिलं’? आत्ताच ठरवावे. नंतर शोधा-बदला चालवून हे सुधारत नाही, कारण ‘गेले’ हे ‘मूल गेले’ मधले एकवचनही आहे आणि ‘लोक गेले’ मधले अनेकवचनही. यंत्र दोन्ही ‘गेलं’ करून टाकेल. मग हाताने प्रत्येक वाक्य पाहणे आले.

दुसरे, अरे-तुरे आणि अहो-जाहोचा तक्ता. उभ्या-आडव्या रकान्यांत पात्रे, चौकोनात संबोधन. मंदा नवऱ्याला चारचौघांत ‘अहो’ आणि एकांतात ‘अरे’ म्हणते; काकांना सदैव ‘अहो काका’. ज्या कार्डात हे बदलते तिथे खूण करावी. ती कथेतली घटना आहे, हातून घडलेली चूक दिसता कामा नये.

तिसरे, कळफलक. ‘दसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे वेगळे अक्षर घेऊन (इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे), किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. ‘ॲ’चेही तसेच, एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. डोळ्यांना फरक कळत नाही, पण एक शोधला की दुसरा अनेकदा सापडत नाही. मोबाइलवर एक आणि संगणकावर दुसरा कळफलक असला की ‘कऱ्हाड’ अर्ध्याच ठिकाणी बदलते. दोन्हीकडे हा शब्द टंकून, एकाने दुसरा शोधून पाहावा. फाइल युनिकोडमध्येच हवी.

लिहिताना माहिती अडली तर तिथे ‘ठठठ’ टाकून पुढे जावे. मराठीत हा अक्षरक्रम येत नाही, त्यामुळे डिसेंबरात सगळ्या जागा एका शोधात मिळतात. जमिनीच्या फेरफाराची नोंद कशी होते हे शोधायला बसले की त्या दिवसाचे शब्द गेलेच.

मोजणीतली एक गफलत: दोन्हीकडे जागा सोडून दिलेली रेघ वर्ड स्वतंत्र शब्द धरतो. संवाद रेघेने लिहिणाऱ्यांचा आकडा त्यामुळे फुगतो. अवतरणचिन्हे वापरावीत.

२९ ऑक्टोबरची स्थिती

कार्डे ४० पैकी ३६. संबोधनांचा तक्ता पूर्ण, नऊ पात्रे. निवेदन ‘गेलं’ पद्धतीचे. तक्त्याचे रकाने: तारीख, दिवसाचे शब्द, एकूण, उद्याचे कार्ड. रोजची प्रत तारखेच्या नावाने वेगळी आणि एक ईमेलवर. शिल्लक: कार्ड २२ ते २५ ची चौथी ओळ, आणि काका वहीतली पाने का फाडतात याचे कारण, कारण कार्ड ३१ त्यावरच उभे आहे.