घरी बांधायचा गुच्छ: आमची वाटचाल

रुखवतातलं सगळं घरी होतं, मग रिसेप्शनला नवरीच्या हातातला गुच्छच विकतचा का? या एका प्रश्नावर आमचं दुकान उभं राहिलं. लग्नाच्या आदल्या पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून फुलं उचलायची, निवडायची आणि किट घरपोच द्यायचं. डच गुलाबाच्या 20 काड्या, कार्नेशनच्या 8, जिप्सोफिलाच्या 4, कामिनीचा पाला, जाड सुती दोरा, दीड मीटर साटीन रिबीन, मोत्याच्या टाचण्या आणि एक धारदार चाकू. चाकूच, कात्री नाही. कात्रीने देठ चेपतो आणि पाणी वर चढत नाही.

बांधणी आम्हाला मंडईतल्या एका गजरेवाल्या मावशींनी शिकवली. आमच्या पहिल्या भागीदार त्याच. आम्ही तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने, आवळत होतो. "देठ कापतोय तो, दिसत नाही का?" म्हणाल्या आणि दोरा बदलायला लावला. डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत तीन गुलाब धरायचे, पुढची प्रत्येक काडी एकाच दिशेने तिरकी लावायची आणि दर काडीला गुच्छ थोडा फिरवायचा. एक काडी जरी उलटी गेली तरी देठ एकमेकांवर दाबतात आणि मधला गुलाब मोडतो. बांधून झाल्यावर देठ खालून सारखे कापा आणि गुच्छ टेबलावर ठेवा. बांधणी बरोबर असेल तर तो आपल्या देठांवर उभा राहतो. 12 गुलाब आणि 6 कार्नेशन पुरतात, बाकीची मोडतोडीसाठी. हिरवा चुडा भरलेल्या हाताला त्याहून जड गुच्छ तासभर पेलवत नाही.

पहिली काही वर्षं नीट गेली. 2020 च्या मार्चमध्ये लग्नं थांबली, त्यातूनही निघालो. आम्हाला खरं बुडवत होता तो त्याआधीचा एक मे महिना.

त्या महिन्यात 11 घरांतून एकच तक्रार आली. रात्री टवटवीत असलेली कार्नेशन सकाळी मिटलेली, पाकळ्या आत वळून कागदासारख्या झालेल्या. पैसे परत केले. यार्डातला व्यापारी बदलला, तरी तेच. तेवढ्यात आमचंच किट बघून तसंच विकायला लागलेल्या एका दुकानाने, आम्ही शिळा माल देतो, असा मजकूर गावभर फिरवला. जून महिन्याच्या ठरलेल्या निम्म्या ऑर्डरी गेल्या.

कारण सापडलं ते नारायण पेठेतल्या एका काकूंमुळे. त्यांच्या थोरल्या मुलीचा गुच्छ बिघडला होता, तरी त्यांनी आम्हाला घरी बोलावून बादली कुठे ठेवली होती ते दाखवलं. "सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा," असं आम्हीच चिठ्ठीत लिहीत होतो. त्या खोलीत कोपऱ्यात गवतात आंब्याची आढी लावलेली होती. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनला तो जराही सोसत नाही. खात्रीसाठी एका बंद डब्यात चार पिकलेले हापूस आणि तीन कार्नेशन ठेवली, दुसऱ्यात नुसती कार्नेशन. दुसऱ्या दिवशी पहिल्या डब्यातली मिटली, दुसऱ्यातली तशीच होती. आंबे असलेल्या फ्रीजमध्येही हेच होतं. केळ्यांजवळही.

त्या दुकानाचा गुच्छही जरा बघा. ते हिरव्या फोममध्ये काड्या खोचतात. फोम पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा असतो. हाताने दाबला की आत हवा अडकते आणि मधला भाग कोरडा राहतो. एकदा वाळलेला फोम पुन्हा नीट भिजत नाही. काडी उपसून परत खोचली तर देठाखाली पोकळी राहते, पाणी लागत नाही. शिवाय गुच्छाची मूठ गळत राहते, आणि खाली पैठणी असते.

पैठणीचं निघालंच म्हणून सांगतो. देठ टॉवेलने कोरडे करून मगच रिबीन गुंडाळा, निघण्याच्या अर्धा तास आधी. टाचण्या वरच्या दिशेने तिरक्या, देठांच्या आत जातील अशा टोचा. आडव्या टोचल्या तर टोक पलीकडे निघून तळहाताला लागतं. लिलियम घालणार असाल तर कळी उमलताच आतले परागकोश चिमटीने काढा. पराग रेशमावर पडलेच तर पाणी लावू नका, चोळू नका, चिकटपट्टीने उचला.

गुलाबाची मान पडली तर घाबरू नका. बहुतेक वेळा देठात हवा अडकलेली असते. देठ पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा, फूल मानेपर्यंत वर्तमानपत्रात ताठ गुंडाळा आणि खोल, कोमट पाण्यात दोन तास उभं ठेवा. पाण्यात नुसती साखर मात्र टाकू नका, जंतू वाढतात आणि देठ तुंबतात. पाण्यात बुडणारी पानंही काढून टाका.

काकूंच्या धाकट्या मुलीचंही किट आमच्याकडूनच गेलं, तेही मेमध्येच. आढी त्या आठवड्यात गॅलरीत गेली होती. आता किटच्या झाकणावर पहिली ओळ आंब्याची असते. त्या दुकानाने तो मजकूर अजून मागे घेतलेला नाही.