तुम्ही विचारलंत म्हणून: बोट दुखतंय, किती दिवस विश्रांती घेऊ?

क्लाइंबिंगच्या भिंतीखाली जरा टेकले की कोणी ना कोणी बोट पुढे करतंच. "इथे दाबलं की दुखतं. किती दिवस विश्रांती घेऊ?" मी डॉक्टर नाही, पण माझी अनामिका एकदा चांगलीच दुखावली होती, म्हणून मला विचारतात.

दिवस मोजू नका. मी मोजले होते. बारीक कडेवर बोटं दुमडून, वर अंगठा दाबून, म्हणजे क्रिम्प करून लटकले होते. पाय निसटला आणि अनामिकेच्या मुळाशी 'टक्' झालं. तीन आठवडे भिंतीला हात लावला नाही. दुखायचं थांबलं, तशी त्याच कडेवर परत गेले. दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावता येईना.

बोट वाकवणारे मोठे स्नायू असतात कोपराखालच्या हातात. तिथून निघालेल्या कंडरा बोटात शिरतात आणि नाडी नेफ्यातून जावी तशा आखूड पट्ट्यांखालून सरकतात. या पट्ट्यांना पुली म्हणतात. मुळाकडच्या पेरावरची 'ए-टू' पुली आम्हा लोकांची नेहमीची दुखरी जागा. बोटं जवळपास सरळ ठेवून पकडलं तर तिच्यावर फार ताण येत नाही. क्रिम्पमध्ये मात्र तो कित्येक पटींनी वाढतो. शिवाय दुखणं आधी जातं, ताकद बरीच मागाहून येते. मी फसले ती इथेच.

सुरुवातीचे काही दिवस भार अजिबात नको, हालचाल मात्र हवी. बोटं सरळ, मग फक्त पुढची दोन पेरं दुमडून आकडा, मग पूर्ण मूठ, परत सरळ. दहा वेळा, दिवसातून तीनचारदा. फोनवर बोलता बोलता होतं.

सूज उतरली की माझी बादली. वीसेक मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्टीला दोरीने बादली बांधायची, पट्टी उघड्या पकडीने, म्हणजे बोटं जवळपास सरळ ठेवून, धरायची आणि बादली जमिनीवरून जेमतेम उचलून दहा सेकंद धरायची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. दुखणं दहापैकी दोनाच्या वर गेलं तर पाणी ओता. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: बोट जास्त आखडलं असेल तर काल जास्त झालं. मधे एक दिवस सुट्टी. मी दोन लिटरपासून सुरुवात केली तेव्हा लोक हसले होते. क्रिम्प सगळ्यात शेवटी, काही महिन्यांनी.

टेपबद्दलही विचारता. 'एच' आकाराची टेप मीही लावते: पट्टी दोन्ही टोकांकडून मधोमध फाडायची, न फाटलेला भाग मधल्या सांध्याच्या तळव्याकडच्या बाजूला ठेवायचा आणि चार शेपट्या सांध्याच्या खाली-वर गुंडाळायच्या. थोडा आधार मिळतो. टेप लावून जुन्याच जोमाने चढणाऱ्यांना काय सांगणार! दुखऱ्या जागी जोरजोरात रगडणंही मला पटत नाही.

आवाज आला, बोट सुजलं, वाकत नाही किंवा वाकवताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी वर येते, तर घरचे उपाय थांबवून हाताच्या डॉक्टरांकडे जा. सोनोग्राफीत पुली किती फाटली ते दिसतं.

आणि वाढीच्या वयातल्या मुलांचं मधलं पेर वरच्या बाजूने, सांध्यापाशी दुखत असेल तर ती पुली नसून हाडाच्या वाढीच्या जागेला गेलेली चीर असू शकते. तिथे माझी बादली बाजूला ठेवा, चढणं बंद करा आणि आधी एक्स-रे काढा.