तुम्ही विचारलंत म्हणून : सुगंधी तेल नाडीवरच का लावायचं?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. कुणी विचारतं, "मनगटावर लॅव्हेंडर लावलं की ते रक्तात जातं आणि मन शांत होतं, खरं ना?" तर कुणी विचारतं, "नाडीवर लावायचं हे निव्वळ थोतांड नाही का?" दोघांनाही आमचं उत्तर एकच आहे. तेलाचं काम होतं ते नाकातून. नाडीची जागा त्यासाठी सोयीची, एवढंच.

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, वैद्य नाडी बघताना तीन बोटं टेकवतात तिथे धमनी कातडीच्या अगदी जवळून जाते. जागा उबदार, कातडी पातळ, केस जवळजवळ नाहीत. उबेमुळे तेलातली उडून जाणारी द्रव्यं हवेत येत राहतात आणि हात नाकाशी सहज नेता येतो. तिथून वासाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो. त्वचेतून थोडा अंश आत जातो, नाही असं नाही. पण पातळ केलेल्या तेलाच्या एका रेघेतून जाऊन जाऊन जाणार किती? खाली ठोका पडतो म्हणून तो जास्त शोषला जात नाही. हळदीकुंकवाला अत्तर पालथ्या हातावर लावतात. तिथे नाडी नसते, तरी वास दरवळतोच.

हे एकदा पटलं की बाकीचं सोपं होतं. तेल 'मुरवायचं' नसतं, हुंगायचं असतं, म्हणून ते थोडंच लागतं.

आता प्रमाण. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं तीव्र सुगंधी तेल, साध्या तेलात पातळ न करता कधीही लावू नका, लॅव्हेंडरही नाही. काचेची 10 मिलीची, स्टीलच्या गोळीची रोल-ऑन बाटली घ्या. 1 मिलीमध्ये साधारण 20 थेंब बसतात, म्हणजे 10 मिलीत 200. त्यात 2 थेंब म्हणजे 1 टक्का, 4 थेंब म्हणजे 2 टक्के. रोजच्या वापराला 1 ते 2 टक्के पुरे. नाजूक त्वचा असेल तर 1 टक्क्याच्या वर जाऊच नका. आधी सुगंधी तेलाचे थेंब टाका, मग साधं तेल भरा, गोळी बसायला गळ्याशी जागा सोडा. बाटली तळव्यांत घोळवा आणि रात्रभर तशीच ठेवा. चिठ्ठीवर तेलांची नावं, थेंब आणि तारीख लिहा. दोन महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही.

साधं तेल कोणतं? जोजोबा उत्तम, कारण ते लवकर खवट होत नाही. गोड बदामाचं चालतं. तिळाच्या तेलाला स्वतःचाच वास असतो. आपलं नेहमीचं खोबरेल थंडीत थिजतं आणि गोळी अडकते. खोबरेलच हवं असेल तर न थिजणारं, 'फ्रॅक्शनेटेड' लिहिलेलं घ्या.

सुरुवातीला कोणता वास घ्यावा, असंही विचारतात. आमची शिफारस रोशा गवताच्या, म्हणजे तिखाडीच्या तेलाची. इंग्रजीत त्याला पामरोझा म्हणतात. त्यातला मुख्य घटक जेरॅनिऑल, तोच गुलाबातही असतो, म्हणून वास गुलाबाच्या जवळ जातो आणि किंमत मात्र गुलाबाच्या तेलापुढे काहीच नसते. 19व्या शतकात हे तेल खानदेशातून मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. रोशाचे 3 थेंब आणि वाळ्याचा 1, असं 10 मिलीत घालून बघा. वाळ्याचं तेल दाट असतं, थेंब पडायला वेळ घेतो. बाटली झटकलीत की एकदम तीन-चार पडतात आणि मग वाळ्याशिवाय कशाचाच वास येत नाही. बाटली मुठीत धरून थोडी ऊब द्या, तिरकी करा आणि थांबा.

लावायची पद्धत अशी. घड्याळ आणि बांगड्या मागे सरकवा. चामड्याच्या पट्ट्यात तेल बसलं की निघत नाही. मनगटावर दोन-तीन सेंटिमीटरची एकच रेघ ओढा. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय सोडा, त्यानं वरचा हलका वास लवकर उडून जातो. अर्धा मिनिट थांबून मनगट नाकापासून वीतभर अंतरावर धरा. नाकानं सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा, असं चार-पाच वेळा. बरं वाटण्यातला मोठा वाटा या श्वासाचा असतो, हे आम्ही मोकळेपणानं सांगतो. वास त्या श्वासाची आठवण करून देतो, आणि रोज एकाच वेळी, एकाच वासाबरोबर केलं की सवय जडते.

थोड्या वेळानं वास येईनासा होतो. तेल संपलेलं नसतं, नाक सरावलेलं असतं. इथेच बहुतेकांचं चुकतं: पुन्हा लावतात, परत लावतात, आणि शेजारी बसलेल्याचं डोकं दुखायला लागतं. दोन-तीन तास थांबा.

दिवसभर हात धुवावे लागत असतील तर मनगटाऐवजी कोपराच्या आतली घडी बरी. कानामागे लावताना मोत्याची कुडी आधी काढून ठेवा, तेलानं मोती निस्तेज होतात. कानशिलावर लावायचंच तर केसांच्या रेषेलगत, डोळ्यांपासून लांब. पेपरमिंटची वाफसुद्धा डोळ्यांना झोंबते.

मानेवर आणि मनगटावर ऊन पडतं, म्हणून बर्गमॉट (लिंबाच्या जातीच्या एका फळाचं तेल) आणि सालं दाबून काढलेलं लिंबाचं तेल तिथे नको. त्यातल्या फ्युरोकूमरिनवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि पुढे काळे डाग राहतात. ते लावलंच तर ती जागा 12 ते 18 तास उन्हात नेऊ नका. वाफेनं काढलेल्या लिंबाच्या तेलाला किंवा गोड संत्र्याच्या तेलाला हा धोका नाही. दालचिनीच्या सालीचं तेल मात्र नाडीवर लावूच नये, फार थोडंही चरचरतं. लवंग आणि गवती चहा 10 मिलीत 1 थेंबाच्या पुढे नको.

जुन्या तेलाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, आणि त्रास तिथेच जास्त. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल आणि संत्र्यातलं लिमोनीन हवेशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइड बनतात. त्यांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची जडते. मग तेच घटक असलेला साबण, शाम्पूही चालत नाही. म्हणून तेल गडद काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणानं, फ्रिजमध्ये ठेवा. संत्रा-लिंबाची तेलं उघडल्यापासून वर्षभरात संपवा. वाळा आणि चंदन उलट जुने होतील तसे खुलतात.

नवं मिश्रण आधी कोपराच्या आत लावून 48 तास बघा. खाज किंवा लाली आली तर नुसतं पाणी ओतू नका, तेल पाण्यानं निघत नाही. आधी खोबरेलानं पुसा, मग साबणानं धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र स्वच्छ पाण्याची धार 15 मिनिटं सोडा आणि डॉक्टरांकडे जा. घरात तान्हं बाळ असेल तर नीलगिरी, पेपरमिंट, कापूर लावलेला हात त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर बाटली उघडण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना तेलाचं नाव नेमकं सांगा.