आईच्या हातातलं डाळिंब

आई ८१ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीपर्यंत सिद्धेश्वर तलावाला पूर्ण फेरी मारायची, आता निम्म्यातच कट्ट्यावर टेकते. म्हणून पुण्याच्या भाच्याने परवा युरोलिथिन-ए नावाच्या पूरक औषधाची बाटली आणली. "मावशी, आजीला सुरू कर. डाळिंबातलंच आहे, पायात ताकद येते."

डाळिंब म्हटल्यावर मी रात्री वाचत बसले. सांगोल्याला आमची दोन एकर बाग होती. झाडाला ताण देणं, बहार धरणं, आणि शेवटी तेल्या रोगाने बाग गेली, हे सगळं घरात पाहिलंय. पण युरोलिथिन डाळिंबात नसतंच, हे मला आत्ता कळलं! सालीत आणि रसात प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य असतं. पोटात त्याचं इलॅजिक आम्ल होतं आणि आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन बनवतात. ते जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकाच झाडाचं फळ खाऊन आईला ते मिळेल, मला मिळणारही नाही.

पेशींना ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया म्हातारी झाली की ती मोडीत काढायला हे युरोलिथिन मदत करतं. २०१६ मधल्या एका प्रयोगात ते दिलेले सूक्ष्म कृमी सुमारे ४५ टक्के जास्त जगले. कृमी, माणसं नव्हेत. २०२२ मध्ये पासष्टीपुढच्या ६६ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज १००० मिलिग्रॅम, चार महिने. हातापायाचे स्नायू उशिरा दमू लागले. पण सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. मला तर आईचं चालणंच हवंय. एवढ्याशा आधारावर इतक्या महाग बाटलीवर विसंबायला माझं मन धजत नाही.

आईच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून बाटली न फोडता ठेवलीय. गुरुवारी डॉक्टरांना दाखवणार.

आज मार्केट यार्डातून भगवा जातीचं डाळिंब आणलं. आईने मुकुटाभोवती सुरीने गोल काप घेतला, धारेधारेने चिरा दिल्या आणि अंगठ्यांनी फळ उकललं. एक दाणा फुटला नाही. पिवळा पापुद्रा सोलून दाणे वाटीत पाडले, साल खोकल्यासाठी गच्चीवर वाळत घातली. गच्चीच्या चौदा पायऱ्या ती मधे एकदाच थांबून चढली.