कुर्डूची भाजी

कागदावर आमच्या या उपक्रमाचं नाव दीड ओळीचं आहे. आम्ही नुसतं ‘टेकडी’ म्हणतो. ‘रविवारी टेकडी आहे, डबा आणा’ एवढा निरोप पुरतो. महिन्यातून एकदा पुण्याची वेताळ टेकडी चढायची, दीड-दोन तास रमतगमत चालायचं आणि शेवटी खाणीच्या अलीकडे सावली बघून अंगतपंगत. वीस-बावीस जण असतात. निम्मे शुभार्थी, निम्मे शुभंकर. मानसिक आजाराशी झगडणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारं घरचं माणूस म्हणजे शुभंकर. ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ यांच्यापेक्षा हे शब्द मला बरे वाटतात. सोळा वर्षं सोशल वर्कर म्हणून याच क्षेत्रात काढल्यावर एवढा हट्ट चालतो.

आमच्यातलेच एक-दोन डॉक्टर याला ‘तुमची पिकनिक’ म्हणतात. पिकनिकला लिथियमच्या गोळ्यांचा हिशोब ठेवावा लागत नाही. घाम फार गेला आणि पाणी-मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरू लागतात, पाय लटपटतात. म्हणून लिंबू-मिठाचं पाणी मीच घेऊन जाते. तेही दोन बाटल्यांत, कारण ओलॅन्झापिनच्या गोळीवर वजन आणि साखर दोन्ही वाढलेले चार-पाच जण असतात, त्यांच्या बाटलीत साखर नाही. बाकीची पुण्यातली टेकडीमंडळी सहाला चढतात, आम्ही आठला. रात्रीच्या गोळीची गुंगी त्याआधी उतरत नाही आणि ‘आळशी’ हा शिक्का या लोकांनी घरी पुष्कळ खाल्लेला असतो. ज्यांचा हात कापतो त्यांना कानाचे स्टीलचे मग, अर्धेच भरायचे. आणि ताक लागतंच लागतं. पॅसिटेनच्या गोळीने तोंडाला इतकी कोरड पडते की कोरडी पोळी-भाजी घशाखाली उतरत नाही. ही गोष्ट मला कॉलेजात कुणी शिकवली नाही. घास तोंडात घोळवत बसलेल्या एका मुलाकडे बघून कळली.

आणखी एक नियम, घरच्या घरी जोड्या करायच्या नाहीत. आईने आपल्या मुलाबरोबर चालायचं नाही, दुसऱ्याच्या मुलाबरोबर चालायचं. समोरासमोर खुर्च्या मांडून महिनोन्‌महिने जे निघत नाही ते शेजारी शेजारी चालताना निघतं, कारण कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. निधी देणाऱ्यांना मात्र प्रस्तावात ‘फॉरेस्ट बेदिंग’ हवं असतं. जपानच्या वनखात्याने १९८२ साली त्यासाठी ‘शिनरिन-योकु’ हा शब्द काढला, तेव्हापासून जंगलात नुसतं हिंडणं हीसुद्धा थेरपी झाली. आमच्या वाट्याला जंगल कसलं, तर लागवडीतलं गिरीपुष्प, म्हणजे उंदीरमारी. चढायच्या आधी एक आणि उतरल्यावर एक असे दोन फॉर्मही भरून द्यायचे असतात, प्रत्येकावर हसरे-रडके पाच चेहरे. सगळे उतरताना सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण करतात, कारण भूक लागलेली असते.

तर मावशी. बावन्न वर्षांच्या, भाऊ-वहिनीकडे राहतात. अकरा वर्षांपूर्वी, आजार जोरात असताना, गॅस चालू राहिला. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून स्वयंपाकघर बंद. नंतर आजार आटोक्यात आला, गोळ्या कमी झाल्या, बंदी तशीच राहिली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिलाय, ओट्यापर्यंत तो पोचत नाही. त्यांचा डबा वहिनी भरून देते. पोळी, बटाटा. त्या डब्याबद्दल मावशी कधी काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्यांच्या भाज्यांत काय घातलंय ते बारकाईने विचारायच्या.

जुलैत आमच्याबरोबर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त सर होते. त्यांनी वाटेत कुर्डू दाखवलं. कोवळी पानं आता तोडायची, तुरा आला की पान जून होतं. पुढे दहा पावलांवर कळलावीचा वेल होता. याचा कुठलाही भाग तोंडात घालायचा नाही, म्हणाले. कंद तर नाहीच नाही. मी लगेच माझी टेप लावली, वनखात्याची जागा आहे, इथलं काही तोडू नका वगैरे. मावशींनी कुर्डूचं एक पान उलटंपालटं करून पाहिलं आणि सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये श्रावण लागलेला. पंगतीत अळूवड्या होत्या, वाटली डाळ होती, साबुदाण्याची खिचडी होती. मावशींनी डबा उघडला. भाकरी, आणि हिरवीगार परतलेली पालेभाजी, वर लसणाचे तांबूस तुकडे.

“कुर्डू,” त्या म्हणाल्या. “मी केली.”

आणि मी, जी सोळा वर्षं लोकांना विश्वास टाकायला शिकवते, सगळ्यांच्या देखत विचारलं, “मावशी, पानं कुठून आणली?”

सोसायटीच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तिथून. मग मी विचारलं, तिथे तणनाशक मारतात का? मग विचारलं, नक्की कुर्डूच होतं ना? पंगत थांबली. एका शुभंकर काकांनी पुढे केलेला हात मांडीवर ठेवला. सर वाकून डब्यात बघू लागले, पण शिजलेल्या पाल्याला वनस्पतिशास्त्र काय करणार.

मावशींना राग आला नाही. रडूही आलं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला, ओल्या फडक्याची गुंडाळी काढली आणि सरांपुढे उलगडली. आत कुर्डूची मुळासकट उपटलेली दोन रोपं. एकाला बोटाच्या पेराएवढा गुलाबी तुरा फुटत होता.

“विचारतील म्हणून आणलं,” त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, “कुर्डूच,” आणि पहिला घास त्यांनी घेतला. मग सगळ्यांनी घेतला, मीही. मीठ किंचित जास्त होतं, बाकी भाजी फक्कड. डबा रिकामा झाला.

संध्याकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. वहिनी माहेरी गेली होती म्हणे, तेव्हा कुठे जमलं. दीड तास तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. “मॅडम, खाल्ली का हो लोकांनी?” मी म्हटलं, “डबा रिकामा गेला ना घरी.” खोटं काही बोलले नाही. त्या फडक्याबद्दल त्याला माहीत असावं असं वाटलं नाही, मीही तो विषय काढला नाही.

तेव्हापासून मी स्वतःची बाजू मांडते आहे, स्वतःपुढेच. रानभाजी होती, बावीस लोकांची जबाबदारी माझी, त्यांतले बरेच औषधांवर. विचारणं माझं कामच होतं. हे सगळं खरं आहे. पण कुर्डू आणि कळलावी यांची गल्लत शाळकरी पोरही करणार नाही, कळलावीच्या पानाचं टोक वेटोळं होऊन आधाराला धरतं. मला तेव्हाही ते माहीत होतं. आणि अळूवडीचं अळू कुठल्या नाल्याकाठचं, हे मी त्याच पंगतीत कुणाला विचारलं नव्हतं. त्या वड्या एका शुभंकर काकूंनी केल्या होत्या.

मावशींना मी आठवड्याने भेटले, म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, “नाही हो, विचारायलाच पाहिजे.” इतक्या समजूतदारपणे म्हणाल्या, की पुढचं वाक्य मला सुचलं नाही. ऑगस्टच्या फॉर्मवरही त्यांनी सगळ्यात हसरा चेहराच भरलाय. तो फॉर्म निधी देणाऱ्यांकडे गेला.

सप्टेंबरच्या टेकडीला मावशी आल्या. कुर्डूचे तुरे वाटेवर दोन्ही बाजूंनी डुलत होते, सरांनी नव्या आलेल्यांना दाखवले. मावशी न थांबता पुढे गेल्या. पंगतीत सगळ्यांचे डबे उघडले, तेव्हा त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा मोठा पुडा काढून मध्यभागी ठेवला.

“सीलबंद आहे,” त्या म्हणाल्या.

कुणी काही विचारलं नाही.