साखळी आवळताना

गेल्या जूनमध्ये म्हापशातल्या एका जुन्या घराचा सांडपाण्याचा पाइप कापून डिचोलीला घरी परतलो, तर शेजारची मुलगी ओसरीवर माझी वाट बघत बसलेली. मांडीवर जाड कापडी पिशवी. पणजीला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते, सुट्टीत अमेरिकेला मावशीकडे जाऊन आली होती.

"काका, बिडाचा पाइप कापायचा तुमचा साखळीचा कटर आहे ना अजून?"

कटर गाडीतच होता. पीव्हीसी आल्यापासून तो फारसा बाहेर निघत नाही, पण मी तो तेल घालून जपून ठेवलाय.

पिशवीतून तिनं पाच दगड काढले. मोसंबीएवढे, मातकट, वरून फुलकोबीसारखे खरबरीत. वाटेत पडलेले असते तर मी वळून बघितलं नसतं. तिनं ते स्वतः खणून काढले होते. आयोवातलं केओकक गाव आणि मिसिसिपी नदीपलीकडचं इलिनॉयमधलं हॅमिल्टन, हा सगळा पट्टा अशा पोकळ दगडांचा. जिओड म्हणतात त्यांना. आयोवानं तर १९६७ साली जिओडला राज्याचा दगड ठरवलं. तिथं काही जमीनमालक पैसे घेऊन लोकांना आपल्या खाणीत उतरू देतात. कुदळ मारायची, चिखलात गुडघे टेकायचे, निघेल ते आपलं. ही अर्धा दिवस खणत होती. दगड हातात तोलून बघायचा. आकाराच्या मानानं हलका लागला तर आत पोकळी असण्याची शक्यता जास्त. विमानात वजनाची मर्यादा, म्हणून पाचच आणले.

"तिथं दोन मी हातोड्यानं फोडले, त्यांचा चुरा झाला. मग बघितलं तर तिथली माणसं ते पाइपाच्या कटरनं उघडत होती. अगदी तुमच्यासारख्या. तेव्हाच ठरवलं, उरलेले घरी नेऊन काकांकडून उघडून घ्यायचे."

हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तिला सांगता आलं नाही.

बीड ठिसूळ असतं. त्यावर घाव घातला तर तडा वाटेल तिकडे धावतो. साखळीला लहान लहान चाकं असतात, ती पाइपाभोवती सगळीकडून एकदम रुततात, आणि दांडा आवळत गेलं की पाइप त्याच रेषेत तुटतो. दगडालाही तेच लागू. मी पहिल्याच्या मधोमध साखळी गुंडाळली, थोडं आवळलं, थांबलो, पुन्हा थोडं. घाई केली की काम गेलं, हे पाइपांनी मला पंचवीस वर्षं शिकवलंय. टक् असा बारीक आवाज आला. साखळी सोडली आणि दोन वाट्या वेगळ्या झाल्या. आत खडीसाखर पसरल्यासारखे स्फटिक. ओसरीवर पावसाळी उजेड होता, तेवढ्यातही लखलखले.

दुसऱ्यात निळसर, द्राक्षांसारखे गुळगुळीत फुगे निघाले. तिसऱ्यात पांढऱ्या स्फटिकांमध्ये एकच पिवळट, तिरप्या कडांचा. तिनं माझ्याकडचं संडास साफ करायचं ॲसिड मागितलं. पाणी घालून पातळ केलेला एक थेंब त्या पिवळ्यावर टाकला, तो फसफसला. म्हणजे कॅल्साइट. शेजारच्या पांढऱ्यावर टाकला, काही नाही. ते क्वार्ट्झ. चौथा आत भरीव निघाला, पण पाचवा पुन्हा पोकळ.

मला वाटायचं, असे दगड जळगाव-संभाजीनगरकडच्या काळ्या कातळातच मिळतात. ती म्हणाली, ते लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांत तयार झालेले. हे त्याहून कितीतरी जुने, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळातले. गाळातल्या गाठी आतून विरघळत गेल्या, आणि झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका कडेपासून आत थरावर थर चढत गेली.

मग तिचं लक्ष तुळशीपाशी गेलं. तिथं बाबांचा दगड असतो. बाबा डिचोलीच्या खाणीवर डंपर चालवायचे, तिथून कधीतरी आणलेला तो तांबडा, लांबट गोळा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढं बाबाही गेले, दगड जागचा हलला नाही. तिनं तो उचलला, कानाशी हलवला, माझ्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही.

मी आत जाऊन आईला विचारून आलो.

गोळा लांबट, साखळी घसरायला लागली. आधी हलकं आवळून कटर गोल फिरवत रेघ पाडली, मग पुन्हा त्याच रेघेवर आवळलं. हा आवाज बसका आला. दोन तुकडे झाले आणि पिवळीधमक पूड माझ्या तळहातावर ओघळली. पुडीमागं भिंतीवर जांभळांच्या घोसासारखे काळे, चकचकीत फुगे. "गोथाइट," ती म्हणाली, "लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी मिळून झालेलं."

पूड तिनं कागदावर झाडून घेतली. तेवढ्यात आई बाहेर आली. पुडीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून बघितलं.

"तुझ्या बाबांचे शर्ट भिजवले की पाण्याला हाच रंग यायचा," म्हणाली, आणि कागदाची पुडी बांधून आत घेऊन गेली.